पायथन शिकण्याआधीचे सहा रविवार

मी पायथन शिकलो नाही. पण ते शिकण्याची तयारी माझ्याइतकी अख्ख्या ड्रेस्डेनमध्ये कुणी केली नसेल.

झालं असं, की आमच्या तेरा वर्षांच्या सईला शाळेत पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम करून दाखवायचा होता. सई हल्ली मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तेही एका शब्दात. पण त्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "पापा, त्सुझामन?" म्हणजे आपण दोघं मिळून. मला भरूनच आलं. दर रविवारी सकाळी दोन तास, असं ठरलं.

पहिल्या रविवारी प्रश्न आला, कोड लिहायचा कशात? आमच्या घराण्यात साधा कुकरसुद्धा चार दुकानं फिरून घेतात. (शेवटी पहिल्या दुकानातलाच घेतात, ती गोष्ट वेगळी.) मी पाच एडिटर उतरवून घेतले आणि त्यांचा तक्ता मांडला. दुसऱ्या रविवारी पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावला. त्याने पाचही मोडीत काढून सहावा सुचवला. तिसऱ्या रविवारपर्यंत ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने सातवा सांगितला होता, आणि तो मेव्हण्याला मान्य नव्हता. चौथा रविवार अक्षरांचा आकार आणि पडद्याचा रंग ठरवण्यात गेला. सई शेजारी बसून असायची. पाचव्या रविवारी ती मैत्रिणीकडे गेली.

"अरे, ती तुझ्याशी बोलायला म्हणून बसत होती," बायको म्हणाली. "एडिटरचं काय घेऊन बसलास?"

ते लागलं मला. पण तक्त्यातले दोनच रकाने भरायचे राहिले होते!

सहाव्या रविवारी मी निकाल जाहीर करायला सईच्या खोलीत गेलो. तिचं काम शाळेच्या कॉम्प्युटरवर, तिथल्या साध्यासुध्या एडिटरमध्ये, केव्हाच उरकलं होतं. "फेर्टिश," ती म्हणाली. म्हणजे, झालं. मला इतकं वाईट वाटलं, की लपवताही येईना. तिला ते दिसलं असावं. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हा प्रोग्राम मी तुझ्यासाठी केलाय. तू नावं टाक, तो एक निवडून देतो."

मी सातही एडिटरची नावं टाकली. बटण दाबलं. क्षणात एक नाव समोर आलं. सई अगदी खेटून बसली होती, माझ्याकडे बघत होती.

आणि मी, दुसरंही एक मत घ्यावं म्हणून, पुन्हा बटण दाबलं.