मला समाधान झाले, असे मी लिहिले

माझ्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तिचे शरीर स्वतःचे रक्त नीट तयार करत नाही. ती सहा महिन्यांची असताना डॉक्टरांनी हे सांगितले, आता ती तेरा वर्षांची आहे. त्यात तिचा गट निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. म्हणून पाच माणसे ठरलेली आहेत. एकाने दिले की तीन महिने त्याला विश्रांती, तोवर बाकीचे चौघे. माझे थोरले मामा लहानपणी वार लावून जेवले होते, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मुलीचेही तसेच आहे. तिला पाच घरचे वार लागले आहेत.

हे वार लावून दिले आमच्याच वस्तीत, कोटऱ्यात राहणाऱ्या एका दीदींनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कोणी सांगितले म्हणून नाही, स्वतःहून रक्त देणाऱ्यांची यादी ठेवतात, फोन करतात, कोणी उन्हाचा कंटाळा केला तर त्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन येतात. पाचही जणांना मी रक्तपेढीच्या व्हरांड्यात पाहिले होते. ते हात दुमडून बाहेर यायचे, बिस्किटे खायचे आणि जायचे.

"भाभी, एक बार धन्यवाद तो बोल दो. काटते थोड़ी हैं," दीदी म्हणायच्या.

मी पदर सारखा करेपर्यंत माणूस फाटकाबाहेर गेलेला असायचा. अशी सात वर्षे गेली.

गेल्या दिवाळीत मी पाच डबे भरले. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. तोंडाने जमत नाही तर कागदावर लिहू, म्हणून प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवली. हिंदी मी इथे येऊन दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. मुलीने चिठ्ठी सुधारून दिली असती, पण तिच्यासाठी मी लोकांना काय लिहिते ते तिने वाचावे असे मला वाटत नव्हते. मी लिहिले: "आपके खून से मेरी बेटी खड़ी है। मुझे पूरा समाधान हो गया है। आपके घर सब सुखी रहें।"

दीदींनी डबे पोचवले. चकलीची सगळीकडे तारीफ झाली. आठ दिवस मी घरात जरा ताठ मानेने वावरले.

पुढचा वार करोंदच्या धान्यमंडीत पोती तोलणाऱ्या भाऊंचा होता. दीदींनी त्यांना फोन केला आणि तशाच आमच्या घरी आल्या.

"भाभी, चिट्ठी में क्या लिखा था आपने?"

मी वहीतली कच्ची चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली आणि कपाळावर हात मारला.

आपल्या मराठीत समाधान म्हणजे मन निवणे. हिंदीत समाधान म्हणजे प्रश्न सुटणे. पाच घरांत लोकांनी वाचले, की मुलीचा प्रश्न सुटला, आता तिला रक्त नको. करोंदच्या भाऊंनी चार दिवसांपूर्वीच मंडीतल्या शिबिरात रक्त देऊन टाकले होते. हबीबगंज स्टेशनवर पार्सल खात्यात असलेले दुसरे भाऊ सुट्टी काढून गावी गेले होते. उरलेल्या तिघांचे तीन महिने भरायचे होते. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती.

मुलगी त्या आठवड्यात जिना चढताना मध्येच बसू लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, ह्या वेळी उशीर होणार का?"

"नाही," मी म्हटले. म्हटल्यावर ते खरे करणे भाग होते.

दीदी फोनवर फोन करत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, करोंदच्या भाऊंचा धाकटा भाऊ तिथेच हमाली करतो, त्याचाही गट हाच आहे, पण सुईच्या नावाने पळतो. दोनदा विचारून त्या थकल्या होत्या.

"मी जाते," मी म्हटले. "शब्द माझा आहे."

 त्या सोबत येते म्हणाल्या, तर मी नको म्हटले. त्या असत्या तर मी पुन्हा त्यांच्या मागे उभी राहिले असते.

मंडीत सोयाबीनचे ढीग पडले होते. थोरले भाऊ काट्यापाशी होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे बहनजी! बिटिया कैसी है? हमने तो चिट्ठी पढ़के पूरे मोहल्ले में मिठाई बाँटी!"

बसमध्ये जुळवलेली वाक्ये मी तिथेच विसरले.

"बिटिया ठीक नहीं हुई," मी म्हटले. "मेरा लिखना चुका. उसको आगे भी खून लगेगा. हमेशा लगेगा."

त्यांनी हातातले पोते खाली ठेवले. "मैंने तो दे दिया, बहनजी," ते म्हणाले, जणू त्यांच्याच हातून काही गुन्हा घडला होता.

"मालूम है. मैं आपके भाई के लिए आई."

"वो? बोरा ऐसे उठाता है जैसे तकिया हो, और सुई देखके लेट जाता है."

आजूबाजूचे हमाल हसले. एक म्हणाला, "हल्दी लगी थी तब भी रोया था ये, पूछ लो."

धाकटा ढिगाआड पोत्यावर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चक्कर आता है मुझे."

मी समोरच्या पोत्यावर बसले. "मुझे भी आता है. यहाँ आते समय आया."



"नहीं दिया तो?" त्याने विचारले.

"तो कल फिर आऊँगी. परसों भी."

"आएगी ये," थोरले म्हणाले. "देख ले तू."

त्याने पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "सुई बहुत मोटी होती है क्या?"

"हाँ," मी खरे ते सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो रक्तपेढीत आला. खाटेवर आडवा झाला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, काहीतरी बोलत राहा. मी काय बोलणार? चकलीची भाजणी सांगितली. तांदूळ किती, डाळी कोणत्या, धणे कधी घालायचे, मोहन गरम का हवे. मध्ये थांबले की तो "फिर?" म्हणायचा. एवढे सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. भाजणी संपली तरी पिशवी भरली नव्हती, म्हणून लाडू सुरू केले.

तपासण्या होऊन तिसऱ्या दिवशी ते रक्त मुलीला चढले. संध्याकाळी तिने आरशात ओठ पाहिले आणि भूक लागली म्हणाली.

आभार मानले की आपण मोकळे, असे माझ्या मनात कुठेतरी होते. सात वर्षांचे ओझे त्या डब्यांत भरून मी पाठवून दिले. पण मोकळे मला व्हायचे होते. मुलीला तसे होता येत नाही.

मग मी बाकीच्या चौघांकडे एकेक करून गेले. दारात उभी राहून तेच सांगितले, की चूक माझी, गरज अजून आहे, आणि तुमचे उपकार मी विसरलेले नाही. आता मी आभार मानते तेव्हा त्याच दमात पुढचा दिवसही सांगते. आवाज कापतो. कापू दे.

पार्सल खात्यातले भाऊ गावाहून परतले त्याच संध्याकाळी मी हबीबगंजला गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मतलब हमारी नौकरी पक्की है?"

"पक्की," मी म्हटले. "बुधवार, सुबह दस बजे."