संमतीवाचून बोलायचं नाही

कर्नाटकातल्या औराद तालुक्यातल्या त्या मराठी हायस्कुलात संध्याला सगळे ‘बोलायच्या मॅडम’ म्हणत. ती शिकवत नसे, पेपर तपासत नसे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसून पोरांशी बोलायची, हेच तिचं काम. नोकरी कंत्राटी होती. पण वीटभट्टीवर राबून लेकीला कलबुर्गीला मानसशास्त्र शिकायला पाठवणारा तिचा बाप, बाबूलाल, गावभर सांगत फिरायचा, “माझी पोरगी मनाची डॉक्टर हाय.”

शाळांतल्या समुपदेशकांसाठी विधानसभेत कायदा येणार असं कळलं तेव्हा संध्या हरखून गेली. प्रत्येक हायस्कुलात कायम समुपदेशक हवा, या मागणीसाठी ती बीदरच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडली होती. कायदा झाला. कायम पदांचं कलम मात्र ‘निधी मिळाल्यावर’ लागू होणार होतं. लगेच लागू झालं ते दुसरंच: पालकांच्या लेखी संमतीवाचून समुपदेशकानं कुठल्याही मुलाशी बोलायचं नाही. दूरच्या कुठल्या तरी शाळेत एका भामट्यानं समुपदेशक म्हणवून मुलींना छळलं होतं, त्यावरून हे आलेलं. वाचताना संध्यानंही मान डोलावली होती.

आणि मग मंजुश्री तिच्या दारात येऊन उभी राहिली.

नववीतली पोरगी. ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली. खाली टाळूवर केस उपटून उपटून पडलेले चट्टे. दिवाळीच्या सुट्टीत तिचा धाकटा भाऊ रामू शेततळ्यात बुडाला होता आणि तेव्हापासून ती वर्गात कुणाशी बोलत नव्हती. आता आपल्या पायांनी आली होती. संध्यानं तिला आत घ्यायचं सोडून विचारलं, “घरून सही आणशील?” पोरगी तशीच वळली. त्या वळण्यानं संध्याला दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

ती मंजुश्रीच्या घरी गेली. बाप अंकुशराव ओसरीवर बसला होता. त्यानं चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“न्हाई म्याडम. येडी म्हणून शिक्का बसंल. उद्या कोण करंल तिला?”

“अण्णा, ती येडी न्हाई. तिला दुखायलंय.”

“घरात समद्यालाच दुखायलंय.”

मुख्याध्यापक महेशकुमार सरांनी तर हातच जोडले. “मॅडम, सहीशिवाय नको. तुमची नोकरी जाईल आणि माझीही.”

संध्यानं नियम पाळला. मंजुश्री मधल्या सुट्टीत खोलीसमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायची आणि संध्या आत कागद चाळत बसायची. दोघींच्या मधे उघडं दार. कट्ट्याखाली केसांचे पुंजके पडू लागले. शिपाई ते झाडून काढायचा.

एके दिवशी सकाळी पोरीची आईच शाळेत आली. चंद्रभागाबाई. घाबरलेली, पदर तोंडाशी.

“मला लिहिता येत न्हाई. अंगठा चालतोय का?”

आईसुद्धा पालकच की. संध्यानं अंगठा घेतला आणि आईला तिथंच बसवून मंजुश्रीला बोलावलं. पोरगी आईशेजारी टेकली. मग पोरगी खाली बघत म्हणाली, “म्या आरशात बघून येणी घालायले होते. रामू म्हणला, अक्का, तळ्याकडं चल. म्या म्हणले, तू हो म्होरं. येणी झाली की येते.”

एवढंच. तिचा हात पुन्हा ओढणीखाली गेला. चंद्रभागाबाईनं तो धरला, लेकीचं डोकं मांडीवर ओढलं आणि खोली हादरेल असा हंबरडा फोडला. मंजुश्रीही रडली. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच.

संध्याला वाटलं, आता वाट सापडली.

अंगठ्याचं घरी कळलं आणि दुसऱ्याच दिवशी अंकुशराव शाळेत आला. ओरडायला म्हणून आलेला माणूस दारातच अडखळला.

“ते तळं म्या खांदलंय, म्याडम. म्या! कुंपण घाला म्हणून पोरीची आई रोज म्हणायली होती. म्या म्हणलं, सुगी झाल्यावर बघू. मग पोरीला कामून विचारायलात तुमी?”

संध्या उठली. “अण्णा, बसा जरा. माझ्याशी बोला.”

“तुमच्याशी? घरातलं दुख चव्हाट्यावर आणलंत, आता माझ्याशी बोलायचंय व्हय?”

तो बसला नाही. सरांच्या खोलीत जाऊन त्यानं लेखी हरकत दिली. दोन पालकांचं एकमत नसेल तर समुपदेशन थांबवावं, असंही कायद्यात होतं. संध्यानं ते कधी नीट वाचलंच नव्हतं.

ती बीदरच्या शिक्षण कार्यालयात गेली. साहेबांपुढं कन्नडमध्ये विनवण्या केल्या, एकदाच बोलू द्या म्हणाली, बापालाही घेऊन बसते म्हणाली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “कायदा तुम्हीच मागितला होता ना, अक्का?” वर्षअखेरीस तिचं कंत्राट पुढं वाढलं नाही. खोलीत मोडकी बाकं टाकली गेली. मंजुश्रीचं नाव बापानं शाळेतून काढलं.

पुढं औरादच्या बाजारात चंद्रभागाबाई भेटली. भाजीची पिशवी तशीच खाली ठेवून तिनं संध्याचे दोन्ही हात धरले.

“रानात माझ्याशी बोलती थोडं थोडं. पण केस उपटायचं थांबंना बघा. काय करू?”

“रागावू नका. हात धरून बसत जा. आणि बीदरच्या सरकारी दवाखान्यात न्या तिला, तिथं मनाचे डॉक्टर असतात.”

“तिचा बाप नेऊ देत न्हाई. ह्योच रातभर तळ्याकडं तोंड करून बसतोय.” तिनं आवाज खाली आणला. “तुमी येता का घरी? चोरून?”

संध्याच्या ओठांवर ‘येते’ आलं होतं. तेवढ्यात किराणा दुकानातून अंकुशराव बाहेर पडला. वाळून पार अर्धा झाला होता. त्यानं दोघींकडं पाहिलं. ओरडला नाही, जवळही आला नाही. नुसता उभा राहिला, बायकोची वाट बघत. चंद्रभागाबाईनं हात सोडले, पिशवी उचलली आणि त्याच्यामागं चालू लागली.

संध्यानं हाक मारली, “अण्णा!”

गर्दीत त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तो वळला नाही.