खाट रोज एक वीत आत

बी.एस्सी.ला आम्ही जे शिकलो त्यातलं एक समीकरणही आज मला धड सांगता येणार नाही. किस्से मात्र न बोलावता हजर होतात. कुणाच्या लग्नाच्या मांडवात आम्ही चौघं एका पंगतीत सापडलो की पहिला किस्सा मठ्ठ्याच्या आधी सुटतो, मग दुसरा, मग "तो नको, तो रेखा फुगवून सांगते" म्हणून तिसरा. माझा नवरा आता ताट उचलून सरळ दुसऱ्या पंगतीत जातो. त्याची काही चूक नाही, बिचाऱ्यानं सगळे पाठ केलेत.

रेखा म्हणजे मी. मुरुडहून लातूरला एसटीनं अप-डाउन करणारी. भूकंपाला दोन वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासचं पीक आलं होतं. ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त, त्याच्या दारावर 'फिजिक्स' अशी पाटी! मेडिकलला लागले ते हुशार, इंजिनिअरिंगला लागले ते बरे, आणि ज्यांचे चार-दोन मार्क हुकले ते आम्ही, बी.एस्सी. फर्स्ट इयर. आमच्याकडं बघून घरचे उसासे टाकायचे. अशा माणसांनी नाटकात जाऊ नये तर कुठं जावं?

*

नाटकाचं खातं कांबळे सरांकडं होतं. सर मराठी शिकवायचे, म्हणजे सायन्सच्या पोरांच्या लेखी काहीच शिकवायचे नाहीत. त्यांनी बोर्डावर नोटीस लावली, 'एकांकिकेसाठी निवड चाचणी, सोमवारी चार वाजता'. सोमवारी चार वाजता सर, शिपाई आणि एक कुत्रं, एवढेच हजर.

दुसऱ्या सोमवारी सरांनी नोटीस बदलली, 'महत्त्वाच्या प्रश्नांवर मार्गदर्शन'. हॉल गच्च! पोरं खिडक्यांत बसलेली. सर स्टेजवर चढले आणि म्हणाले, "महत्त्वाचा प्रश्न असा आहे की, नाटकात कोण काम करणार?"

पाच मिनिटांत हॉल रिकामा. आम्ही तिघं राहिलो. मी राहिले, कारण माझी एसटी साडेपाचला होती. अनीस राहिला, कारण त्याची चप्पल गर्दीत हरवली होती. आणि धर्माबादचा महेश वही उघडून बसला होता. त्यात त्यानं लिहिलं होतं, 'नाटक - किती मार्काला?'

*

चौथा व्यंकट. तो हॉलमध्ये नव्हताच, दाराबाहेर उभा होता.

भूकंपानंतर वर्गातला मान पहिल्या बाकाकडून दाराजवळच्या बाकाकडं गेला होता. टॉपर पोरं पहाटे येऊन तिथं रुमाल टाकून जायची. व्यंकटनं त्याच्याही पुढची मजल मारली. तो दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा आणि तिथूनच वर्ग ऐकायचा. केमिस्ट्रीचे सर नवीन होते. त्यांनी हजेरी घेतली.

"व्यंकट?"

"बाहेर हाय, सर!"

"बाहेर आहेस तर प्रेझेंट कसा?"

"आत आसतो तर कायमचा ॲबसेंट झालो आसतो, सर."

सगळा वर्ग हसला. मग कुणीतरी सरांना हळूच सांगितलं की हा किल्लारीकडचा आहे. सरांनी मान खाली घालून प्रेझेंट लावली आणि वर्षभर त्याला पुन्हा आत बोलावलं नाही.

त्याबद्दल तो आमच्याशी एकदाच बोलला, तेही आम्ही फार खोदून विचारलं तेव्हा. "मी आंगणात झोपलो हुतो. म्हातारा आत हुता. मी पळालो." म्हातारा म्हणजे त्याचा आजोबा. पुढं आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून तो स्लॅबखाली जायचा नाही. पत्रा चालायचा, मांडव चालायचा, एसटीचं टप चालायचं. स्लॅब म्हटलं की, "न्हाई जमायचं."

होस्टेलच्या रेक्टरांनी आधी त्याला नोटिसा दिल्या, मग हात टेकले. रजिस्टरात त्याच्या नावापुढं लिहिलं, 'रूम नंबर : लिंबाखाली'. त्याच्या आईचं पत्र याच पत्त्यावर यायचं, आणि पोस्टमन होस्टेलच्या ऑफिसात न जाता थेट लिंबाखाली जायचा.

*

एकांकिका आम्हीच रचली होती. घरात आजोबा तापानं फणफणलेला. पण नातू पीसीबीच्या क्लासला आहे, तो डॉक्टर होणारच, मग बाहेरच्या डॉक्टरला कशाला दाखवायचं? म्हणून सगळं घर म्हाताऱ्याला सांगतं, सहा वर्षं कळ काढा! महेश नातू, अनीस बाप, मी आई. आजोबा व्यंकट.

लिंबाखालच्या पहिल्याच तालमीत व्यंकट खाटेवर पडून असा खोकला की कांबळे सर नाटक विसरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"हा खोकला कुठून आणलास रे?"

"घरचाच हाय, सर."

त्याला आमचे सगळ्यांचे डायलॉग पाठ होते. मी अडले की खाटेवरून माझ्याच चिरक्या आवाजात माझं वाक्य यायचं. मला त्याचा फार राग यायचा, कारण माझ्यापेक्षा मी त्याला जास्त चांगली जमायची.

*

अनीसचे अब्बा टेलर. बापाची भूमिका अनीसनं सरळ त्यांच्यावरूनच उचलली होती. चष्मा कपाळावर, मेजर टेप गळ्यात, आणि दर दोन वाक्यांना "मेरा बेटा डॉक्टर बनेगा!" एक दिवस अब्बा आजोबाच्या बंडीचं माप घ्यायला तालमीला आले. व्यंकटचं माप लिंबाखाली घेतलं आणि तिथंच उभं राहून पूर्ण तालीम बघितली. अनीस घामाघूम!

अब्बांनी टेप गुंडाळली, अनीसकडं बघितलं आणि म्हणाले, "मेरी नकल करने कू तू कायकू? मैं बेकार बैठा है ना, मेरेकूच बुलाना था!"

*

महेशचे वडील धर्माबादला मिरचीचे व्यापारी. नातवाला शेवटी रडायचं होतं आणि महेशला काही केल्या रडू येत नव्हतं. त्यानं घरून पुडी आणली आणि चिमूटभर पूड डोळ्यांखाली चोळली. मग जो रडला की काय सांगू! तालीम संपली, आम्ही चहा प्यायलो, हा अजून व्हरांड्यात भिंतीला टेकून हुंदके देतोय.

तेवढ्यात प्राचार्य तिथून चालले होते. त्यांनी महेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि अपयश, जिद्द, पुढच्या वर्षीची इम्प्रूव्हमेंट यांवर तब्बल पंधरा मिनिटं भाषण दिलं.

महेश कसाबसा म्हणाला, "सर, मिरची हाय."

"असते बाळा," प्राचार्य म्हणाले आणि त्यांचेही डोळे भरून आले.

*

गॅदरिंगला मैदानात मांडव घालून आमचा पहिला प्रयोग झाला. नाटकात पाऊस होता. ढगांच्या गडगडाटासाठी पडद्यामागं महेशनं एक लांब पत्रा धरून हलवला. धडाडधुम!

सगळं पब्लिक उठलं आणि पळालं! आता मोकळ्या मैदानातून माणूस पळून पळून जाणार कुठं? तरी लोक पळाले. काही जण तर घाबरून कॉलेजच्या इमारतीत शिरले! सगळ्यांत पुढं प्राचार्य, धोतराचा सोगा हातात धरून.

स्टेजवर व्यंकट एकटा खाटेवर पडून हसत होता. "आरं, कशाला पळून राह्यले? आवाज वरून आलाय. त्यो वरून येत न्हाई. त्यो खालून येतो."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस होती, 'भूकंपप्रसंगी विद्यार्थ्यांनी रांगेत व शिस्तीने पळावे. मा. प्राचार्यांस धक्का देऊ नये.' खाली वेगळ्या अक्षरात, 'नाटकात पत्र्यास बंदी'.

*

खरी पंचाईत पुढं होती. नांदेडला कॉलेजांची एकांकिका स्पर्धा होती, आणि ती पक्क्या हॉलमध्ये. वर भलामोठा स्लॅब. व्यंकट येणार नसेल तर नाटक नव्हतंच, तो खोकला दुसरा कोण खोकणार?

कांबळे सरांनी युक्ती काढली. तालीम व्हरांड्याजवळच्या वर्गात हलवली आणि खाट उंबऱ्याबाहेर ठेवली. रोज तालमीआधी सर येऊन ती एक वीत आत सरकवायचे. आठवड्यानं व्यंकटचे पाय वर्गात आणि डोकं बाहेर, अशी स्थिती आली. सर खुश!

"सर," व्यंकट शांतपणे म्हणाला, "खाट सरकून राह्यली हे मला पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी रोज वाकून सरकवता. वाईट वाटलं."

पण डोकं काही आत जाईना. शेवटी अनीसनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "हे बघ भाई, तू पडलेला म्हातारा हाईस, तू पडूनच ऱ्हा. काय बी झालं तर आम्ही तिघं तुला खाटेसकट उचलून पळतो. खुदा की कसम!" महेशनं आईची शपथ घेतली, मी विद्येची. व्यंकटनं एकदा लिंबाकडं बघितलं.

"हाव," म्हणाला. "येतो."

*

नांदेडला आमचा नंबर दुपारी होता. सोबत चिअरिंगसाठी एक एसटी भरून लातूरची पोरं आलेली. व्यंकट हॉलच्या पायरीवर आला आणि थांबला. वर बघितलं. मग खाटेपासून मागच्या दारापर्यंत पावलं मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतराच. मी त्याचा हात धरला. मला मनातून वाटलं, सोडा ते नाटक, चला बाहेर. पण तितक्यात पडद्याची घंटा झाली आणि तो खाटेवर जाऊन आडवा झाला.

पहिली पाच मिनिटं झकास. खोकल्याला टाळी पडली. मी म्हणाले, "मामंजी, पाणी मागू नका, आधी ह्याचा रिझल्ट लागू द्या!" लोक हसले.

आणि स्टेजच्या खालून दणका आला!

खाली सामानाची खोली होती. पुढच्या कॉलेजनं तिथं रचून ठेवलेल्या लोखंडी खुर्च्यांची अख्खी थप्पी कोसळली होती, पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी पायांखालच्या फळ्या थरथरल्या, एवढंच कळलं. महेश पळाला. अनीस पळाला. मी पळाले, विद्येची शपथ घेतलेली मी! समोरून लातूरची सगळी एसटी उठून पळाली. नांदेडचे लोक मात्र जागेवर बसून माना वळवून आमच्याकडं बघत राहिले.

आम्ही थांबलो ते थेट रस्त्यावर. सतरा पावलं मी बहुतेक सहात संपवली होती. मग तिघांना एकदमच आठवलं आणि एकमेकांकडं बघायची कुणाची हिंमत होईना.

परत धावलो. बाजूच्या खिडकीतून आत डोकावलो. व्यंकट खाटेवरच होता आणि नाटक चालू होतं! म्हातारा खोकत होता, माझ्या आवाजात स्वतःलाच पाणी नाकारत होता, अनीसच्या अब्बांसारखा "मेरा बेटा" म्हणत होता, आणि महेशच्या जागी रडत होता, तेही मिरचीशिवाय. हॉल खदखदा हसत होता.

मी म्हणाले, "चला आत."

महेश म्हणाला, "आता कशाला? जास्तीचे दिसू."

निकालाच्या वेळी मुख्य परीक्षक माइकवर म्हणाले, "लातूरच्या मुलाचा एकपात्री प्रयोग अप्रतिम. अभिनयाचं पहिलं बक्षीस त्यालाच. फक्त सुरुवातीला ती तीन माणसं कशासाठी आणली होती, ते कळलं नाही."

कप घेऊन आम्ही चहाच्या हॉटेलवर गेलो. व्यंकट आत येईना. "आत स्लॅब हाय," म्हणाला. मग आम्हीही कपबशा घेऊन त्याच्याजवळ रस्त्याच्या कडेला बसलो. अनीस त्याच्याकडं बघत नव्हता.

शेवटी मीच विचारलं. "व्यंकट, तुला बरोबर कळलं ना, की हा खरा नाही? तुला आवाज वरून आल्यासारखा वाटला असणार."

त्यानं बशीतला चहा फुंकला. "न्हाई. खालूनच आला हुता."

"मग? मग तू पळाला कसा नाहीस?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतेय.

"म्हाताऱ्याला एकट्याला टाकून कसं पळावं?"