बाबांनी शेजाऱ्याला सांगितलेलं

कॅनडात व्हिटबीला आमच्या शेजारी एक वयस्कर इंग्रज गृहस्थ राहतात. जन्म लिव्हरपूलचा. जहाज कंपनीत कारकून म्हणून लागले, चढत चढत कॅनडातल्या ऑफिसचे प्रमुख झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. थंडीत त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करते, ग्रोसरी आणून देते. लोक कौतुक करायचे तेव्हा मला नागपूरला एकटे राहणारे बाबा आठवायचे. त्यांच्याकडे मी कित्येक दिवसांत फिरकले नव्हते.

एका रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल चालू असताना हे शेजारी चहाला आले. बाबांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या मालवाहतुकीत गेलेलं. वॅगन आणि कंटेनर यांवरून दोघांची अशी गट्टी जमली, की पुढे ते परस्परच बोलू लागले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. बाबांशी कोणीतरी बोलतंय ना!

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते आले आणि दारातच उभे राहिले.

"तुझे वडील बाथरूममध्ये पडले. खुब्याला मार बसलाय. तुला सांगणार नाही, असा शब्द घेतला होता माझ्याकडून."

"कधी पडले?"

"आठवडा होऊन गेला."

मी भडकलेच. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

ते हळूच खुर्चीवर टेकले. म्हणाले, "कंपनीत आमची पद्धतच होती. खलाशाच्या घरी कोणी वारलं, तर जहाज बंदराला लागेपर्यंत त्याला कळवायचं नाही. भर समुद्रात तो करणार काय? असे निरोप मीच अडवून ठेवायचो. एकदा एक खलाशी थेट माझ्या ऑफिसात आला. म्हणाला, आईला बरं वाटू दे म्हणून मी रोज प्रार्थना करत होतो, आणि ती गेलीय हे तुम्हाला ठाऊक होतं. मी त्याला नियम समजावला. अगदी नीट, शांतपणे समजावला. नियम काही बदलला नाही." मग म्हणाले, "या आठवड्यात मला तोच दिसत होता."

मी लगेच नागपूरला फोन लावला.

"सांगितलं का त्यानं? चहाडखोर निघाला तुझा इंग्रज," बाबा हसले.

"बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुझं येणं जमलं नसतं, बेटा. मग उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

मी गेले. महिनाभर राहिले, ऑफिसचं काम तिथूनच केलं. हाड मोडलं नव्हतं. मी निघेपर्यंत बाबा काठी घेऊन अंगणात फिरू लागले होते. निघताना त्यांनी 'परत कधी येशील' असं विचारलं नाही. 

आता मी रोज फोन करते. बाबा रोज "मजेत" म्हणतात. मग मी शेजारी जाते आणि माझे वडील खरंच कसे आहेत, हे त्यांना विचारते. विचारताना मान वर होत नाही.