बसऱ्याला न गेलेला शिपाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे माझी लाज निघणार आहे!

मोताळ्याच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर. इंग्रज-जर्मनांची पहिली मोठी लढाई नुकती संपलेली. मी एक इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. आधीचे डॉक्टर म्हणत, तोफगोळ्यांनी शिपायांचा मेंदू हादरतो. नवे म्हणू लागले, छे! मेंदू शाबूत असतो, भीती मनात अडकते. माणूस दचकतो, मुका होतो, सगळं विसरतो. त्याला बोलतं करा! झालं, असा शिपाई आपल्याला कधी मिळतो, याचीच मी वाट बघत बसलो.

आणि मिळाला की! बाजाराच्या दिवशी एका पाटलांची चिठ्ठी आली, 'बसऱ्याच्या लढाईवरून आलेल्या किसनला धाडतो आहे. झोप नाही.'

आत आले दोघं. एक धिप्पाड, मिशाळ, हसतमुख. दुसरा काडीसारखा, मान खाली. दार आपटलं तसा टुणकन उडाला. आता तुम्हीच सांगा, शिपाई कोणता?

मी काडीपैलवानाला खुर्चीत बसवलं. "डोळे मीट. तोफा आठव!"

"कोनत्या तोफा जी?"

"बसऱ्याच्या!"

"मी तं नांदुऱ्याच्या पुढं कधी गेलोच नाई, सायब!"

विस्मरण! पुस्तकात अगदी हेच होतं!

"मग कापतोस का?"

"तुमी सुई टोचान म्हून!"

"बघा," मी मिशाळाला म्हणालो, "खरी भीती लपवायला मन कशी खोटी भीती पुढे करतं! आता आवाजानं आठवण परत आणतो." आणि पत्र्याचं ताट धाडकन फरशीवर आपटलं.

काडीपैलवान दारातून पसार! आणि मिशाळ? तो टेबलाखाली, कानांवर हात घेऊन.

"डाक्टरसायब," खालून आवाज आला, "बसऱ्याले मी होतो. तो माहा साळा होय. सोबतीले आला."

मी मटकन त्याच्या शेजारी बसलो. मग तोच बोलू लागला. खेचरं, धूर, नदीकाठी मागे राहिलेला सोबती. "हासत राह्यलो म्हंजे कोनी इचारत नाई जी."

मी लाजेनं चकार शब्द काढला नाही. पुढे तो दर बाजाराला येऊन बोलायचा. हळूहळू त्याला झोप लागू लागली. मी मनातल्या मनात फुगलो, काय आपला हातगुण!

एकदा बाजारात त्याचाच आवाज कानावर आला. कुणाला तरी सांगत होता, "जाय बे त्या डाक्टरकडं. त्याले समजत काई नाई, पन गुमान आयकते!"