जप्त केलेलं वर्कस्टेशन

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. आधी स्वतःचा, मग इतरांचा. ज्यांच्या घरातून आम्ही ते वर्कस्टेशन जप्त केलं, ते गृहस्थ गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या दहाव्याला जाऊन आल्यापासून हे लिहितो आहे. रोज चार ओळींच्या पुढे जात नाही.

तेव्हा मी वाळूजकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पत्र्याचे भाग दाबून काढण्याचे साचे, म्हणजे डाय, बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मॅनेजरनं फिर्याद दिली. डिझाइन विभागातलं जुनं वर्कस्टेशन चोरीला गेलं आहे, त्यात गोपनीय ड्रॉइंग आहेत, संशय कोणावर नाही. वर्कस्टेशन म्हणजे घरातला साधा संगणक नव्हे. परदेशातून आणलेली, निळ्या रंगाची, एका माणसाला जड जाईल अशी पेटी. अवघड डाय पडद्यावर उभा करून चहूबाजूंनी फिरवून दाखवणारं असं यंत्र त्या काळी सबंध वसाहतीत एक-दोन ठिकाणीच असेल.

चार दिवसांत खबर आली. खबर देणारा वायरमन होता. म्हणाला, "साहेब, रांजणगावात एक म्हातारा हाय. लाइट गेली की पंखा राहू द्या, आधी त्या निळ्या डब्याला इन्व्हर्टर लावतो. असला डबा म्या कंपनीतच पाहिला व्हता."

आम्ही दोन पंच घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर. त्या कारखान्यातले निवृत्त डिझायनर आणि त्यांची पत्नी, एवढीच माणसं. पेटी टेबलावर घरघरत होती. शेजारी लांब वही, तिच्यात बारीक अक्षरात मापं.

"कुठून आणलं?"

"विभाग बंद झाला तेव्हा कंपनीच्या साहेबांनीच दिलं. भंगारात जाणार होतं."

"कागद?"

"कागद नाही."

त्यांचे जुने सहकारी, कामावरून कमी केलेले आठ जण, एका शेडमध्ये दोन प्रेस लावून जुन्या डायची दुरुस्ती करत होते. त्यांना लागणारी ड्रॉइंग फक्त या पेटीत होती. नव्या संगणकावर त्या फाइली उघडत नव्हत्या, म्हणून हे गृहस्थ पडद्यावर बघून एकेक माप वहीत उतरवत होते. निम्मं काम झालं होतं.

हवालदारानं प्लगकडे हात नेला तसे ते आडवे आले. "बंद करू नका. ड्रॉइंग असलेली आतली चकती झिजली आहे, इथं आणल्यापासून थांबलेली नाही. आता थांबली तर पुन्हा फिरायची नाही. चालू ठेवून काय ते लिहा, सील इथंच लावा, मी कुठं पळून जात नाही."

हवालदार हसला. "काका, बायकोला तरी एवढं जपलं का?"

पत्नी दारातून म्हणाल्या, "नाय जपलं. त्यालाच जपलंय. म्हणून तर सांगते, ऐका त्यांचं."

मी ऐकलं नाही. बंद करायला विरोध करतो म्हणजे आत काहीतरी लपवलेलं आहे, असा माझा तर्क झाला. नोकरीत हा तर्क शंभर वेळा खरा ठरला होता. मी मान हलवली, हवालदारानं प्लग ओढला. घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. ते गृहस्थ खुर्चीवर बसले आणि त्यांनी वही मिटली. पेटी जीपमध्ये आडवी टाकून ठाण्यावर आणली, लाखेचं सील लावलं, आणि मुद्देमाल खोलीत जप्त मोटारसायकली आणि दारूच्या कॅनांच्या मध्ये ठेवली.

तीन दिवस त्यांना चौकशीला बोलावलं. सकाळी बाकावर बसवायचं, संध्याकाळी सोडायचं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी हकीकत सुधारून आणतो, अडचणीचे तुकडे गाळतो. यांनी तिन्ही दिवस तेच सांगितलं, त्याच शब्दांत. ही खूण मला ओळखता येत होती. तरी मी कागदच मागत राहिलो.

चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी एकट्याच बसनं आल्या. पिशवीतून काचेची फ्रेम काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"कागद नाय, फोटू हाय. चालतो का?"

फोटो निरोप समारंभाचा होता. गृहस्थांच्या अंगावर शाल, हातात नारळ. बाजूला टेबलावर तीच निळी पेटी, तिलाही झेंडूचा हार आणि हळदकुंकू. नारळ देणारा हसतमुख माणूस म्हणजे आमचा फिर्यादी. मागच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'सरांना त्यांच्या यंत्रासह निरोप.'

"हा कुठं होता?"

"भिंतीवरच की. त्या डब्याच्या वर. तुम्ही समदे तिथंच तर उभे व्हते!"

पंचनाम्यात आम्ही त्या खोलीतल्या वायरी आणि सॉकेटसुद्धा लिहिले होते. डोकं वर करून भिंतीकडे कोणीही पाहिलं नव्हतं. आणि ज्यांचं आयुष्य सही-शिक्क्याच्या ड्रॉइंगमध्ये गेलं, त्या गृहस्थांना फोटो हा पुरावा असतो हे सुचलं नव्हतं.

मॅनेजरला बोलावलं. फोटो बघून तो ओशाळलासुद्धा नाही. "अहो साहेब, ते त्या दिवसापुरतं. माणसाला बरं वाटावं म्हणून." अर्ध्या तासात बाकीचंही निघालं. जुन्या गिऱ्हाइकांची कामं त्या शेडकडे जाऊ लागली होती, ती त्याला थांबवायची होती. वायरमन त्याच्याच कारखान्यात ठेक्यावर होता. खबरही मॅनेजरनंच पाठवली होती. चोर सापडावा म्हणून आम्ही धावलो नव्हतो, आम्हाला धावायला लावलं होतं. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात दिला, त्याच्यावर कारवाईचा प्रस्तावही पाठवला. प्रस्ताव वर जाऊन बसला. मॅनेजर पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला.

मुद्देमाल परत करण्याचा आदेश यायला पाच महिने लागले. सगळा उन्हाळा पेटी पत्र्याखाली होती. गृहस्थ शेडमधल्या दोघांना घेऊन आले. ठाण्यातच प्लग लावून पाहिला. पंखा फिरला, आतून दोनदा टक टक आवाज आला, पडदा काळाच राहिला. त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि स्वतःच प्लग काढला. नंतर पुण्यात एकाला दाखवलं. चकतीवर ओरखडे पडले होते. वहीत उतरलेल्या निम्म्या कामावर शेड दीड वर्ष चालली, मग बंद झाली. ते आठ जण पुन्हा शिफ्टच्या बसमध्ये ठेकेदाराची माणसं म्हणून बसू लागले.

या प्रकरणानं मला शिकवलं ते साधं आहे. वस्तू कोणाची, हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. ती काय करते आहे आणि आपण हात लावल्यावर काय होईल, हे तिच्यासोबत राहिलेल्या माणसाला विचारत नाही. तो घाबरून बोलला तर त्याला गुन्हेगार समजतो. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक जप्तीआधी हा प्रश्न विचारला. त्या आठ जणांना त्याचा काही उपयोग नव्हता.

मुद्देमाल परतीच्या पावतीवर एक वाक्य छापलेलं असतं: 'वरील मुद्देमाल सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही.' त्या दिवशी ठाण्यात प्लग काढून झाल्यावर हवालदारानं ती पुढे सरकवली. गृहस्थांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "यावरच सही करायची का, साहेब?"

मी म्हणालो, "नियम आहे."

त्यांनी ड्रॉइंगवर करतात तशी स्वच्छ, छोटी सही केली. त्याखाली मी माझी केली. नोकरीत मी पुष्कळ खोटी कागदपत्रं पकडली. हे कोणीच पकडलं नाही.