तीन अक्षरांचा खेळ

सोनईत आमचं खता-औषधांचं दुकान आहे. दुपारी नवरा जेवून आडवा होतो, तेव्हा काउंटरवर मी बसते. लेक पुण्याला कंपनीत लागली आणि तिचे फोन कमी होत गेले. सकाळी 'मीटिंग आहे', संध्याकाळी 'ट्रॅफिकमध्ये आहे'. मग तिनंच एकदा सुचवलं, "आई, आपण खेळ खेळू. रोज सकाळी मी तीन इंग्रजी अक्षरं पाठवीन. ती तिन्ही असलेला एक शब्द तू शोधायचा, एक मी. संध्याकाळी सांगायचा. ज्याचा लांब, तो जिंकला."

मी हरखलेच. बारावीनंतर माझं इंग्रजी राहिलं होतं ते लेबलं वाचण्यापुरतं. पण सकाळी अक्षरं आली की दिवसभर ती डोक्यात घोळायची. गिऱ्हाइकाला पुडी बांधताना, भाकरी थापताना, दळण आणताना. के, पी, एस आलं त्या दिवशी एका शेतकऱ्यानं पाठीवरचा फवारणीचा पंप मागितला, आणि खोक्यावरचं 'नॅपसॅक' वाचून मी इतकी खूश झाले की सुट्टे पैसे द्यायचेच विसरले. तो म्हणाला, "वैनी, ध्यान कुठं हाय?"

लेकीचे शब्द मात्र भारी असायचे. डी, एन, टी वर मी औषधाच्या बाटलीवरचा 'अँटिडोट', म्हणजे विषावरचा उतारा, दिला, तिनं 'डेंड्राइट'. दोन्ही सारख्याच लांबीचे, पण तिचा मला ठाऊकसुद्धा नव्हता. अर्थ विचारला तर म्हणाली, "अगं, नंतर सांगते." मी तिचा जुना शब्दकोश माळ्यावरून काढला आणि बघितला: मज्जापेशीचा फाटा. आपली पोर किती शिकली, असं वाटून शेजारणीलाही सांगितलं.

एकदा डब्ल्यू, बी, टी होतं. मी 'वेटेबल' कळवला. पाण्यात मिसळणाऱ्या पावडरीच्या पाकिटावर तो असतोच. लेकीचं उत्तर आलं, "असा शब्द नसतो, आई." मी पाकिटाचा फोटो पाठवला. उलट फक्त हसरा चेहरा आला. त्यात काही वाईट आहे, असं तेव्हा मनातही आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती शनिवारी मैत्रिणीला घेऊन घरी आली. मी हुरडा भाजला होता, वांग्याचं भरीत होतं. मैत्रीण मोकळ्या स्वभावाची. जेवताना म्हणाली, "काकू, तुमचे शब्द म्हणजे आमच्या ऑफिसचा टाइमपास आहे! सगळे संध्याकाळची वाट बघतात."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कुठले शब्द?"

लेक मध्येच म्हणाली, "अगं, काही नाही, तू जेव." पण मैत्रिणीनं तोवर मोबाईल माझ्यापुढे धरला होता. ग्रुपचं नाव होतं 'आईची पॉयझन डिक्शनरी'. त्यात माझे सगळे शब्द, माझे मेसेज जसेच्या तसे, माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट. प्रत्येकावर 'आजचा डोस आला' असं लिहिलेलं आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पाकिटाचा फोटोही होता. त्यात माझा अंगठा दिसत होता, नखात खताची निळी पूड. त्या अंगठ्यावरही कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही.

मैत्रिणीला अजून अंदाज आला नव्हता. कौतुकानंच बोलली, "आणि काकू, तुम्ही खरंच स्वतः शोधता? ही तर साइटवर तीन अक्षरं टाकते, समोर यादीच येते. त्यातला एखादा भारी शब्द उचलायचा."

हातातला घास मी ताटात ठेवला. मी उठून आत गेले. लेक मागून आली.

"आई, मजेत केलं होतं गं. सगळ्यांना तू आवडतेस."

"सगळे कोण? मी ओळखते त्यांना?"

"तू फारच मनाला लावून घेतेस."

"मी दिवसभर शोधत होते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "पोळी जळेपर्यंत शोधत होते. तू बटण दाबत होतीस. वर मला सांगितलंस, असा शब्द नसतो."

"ऑफिसात वेळ कुठे असतो, आई?"

"मग नव्हतं खेळायचं! मी कुठं पाय धरले होते तुझे?"

नवरा दारात येऊन हळूच म्हणाला, "अगं, पाव्हणी घरात हाय. जाऊ दी." मी नवऱ्यालाही सोडलं नाही. "पाव्हणीला सगळं आधीच माहीत आहे," म्हटलं, "माहीत नव्हतं ते मलाच." त्या दोघी चहासुद्धा न घेता निघाल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी माफीचं चित्र आलं, रडणारं मांजर. माफीसुद्धा तयार मिळालेली! मी उत्तर दिलं नाही. अक्षरं येत राहिली, ती मी उघडलीच नाहीत. काही दिवसांनी फोन आला. ग्रुप काढून टाकला म्हणाली, रडली. मी म्हटलं, "खेळायचं तर इथं ये. समोर बस. मोबाईल बापाकडे दे."

महिनाभरानं ती आली. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, काउंटरच्या दोन बाजूंना आम्ही बसलो. नवऱ्यानं तिचा मोबाईल खिशात टाकला आणि अक्षरं दिली: एच, एक्स, टी. लेकीनं डोळे मिटले, ओठ हलवले, नख चावलं. लहानपणी पाढे अडले की अशीच करायची. मला जरा माया आली, नाही असं नाही. पण तेवढ्यात तिचा हात सवयीनं ओढणीखाली मोबाईल चाचपायला गेला, आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

गोदामाच्या भिंतीवरचा पंखा मला समोरच दिसत होता. 'एक्झॉस्ट'. शब्द केव्हाच सापडला होता.

"काहीतरी क्लू दे ना, आई," ती म्हणाली.

"शोध," मी म्हटलं, आणि दारात आलेल्या बाईला युरिया द्यायला उठले.